कूलरला वर-खाली कळतं : उभ्या कॅबिनेटमधल्या ग्राफिक्स कार्डाचा इतिहास

मागच्या मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये एका ग्राफिक्स कार्डावरून जवळजवळ भांडणच झालं. माझं काम रेणूंच्या सिम्युलेशनचं. एक प्रोटीन, त्याच्याभोवती पाणी, चिमूटभर मीठ, आणि कार्ड दिवसरात्र त्यांच्यातल्या बलांची गणितं करत बसतं. नवं कार्ड आलं, सिम्युलेशन लावलं. पहिली दहा मिनिटं झकास. मग वेग जो घसरायला लागायचा तो घसरायचाच. तेच कार्ड शेजारच्या टेबलावरच्या साध्या कॅबिनेटमध्ये बसवलं की रात्रभर काही तक्रार नाही. ज्युनिअरचं मत, कार्ड खराब आहे, परत पाठवू. माझं मत, ड्रायव्हरची भानगड आहे. सर म्हणाले, "आधी पंखे पुसा."

पंखे पुसले. काही फरक नाही. मग एका संध्याकाळी केबल शोधायला म्हणून मी ते कॅबिनेट टेबलावर आडवं पाडलं, सिम्युलेशन बंद करायचा कंटाळा केला, आणि पाहते तर हॉटस्पॉटचं तापमान हळूहळू उतरायला लागलेलं. पंधरा-एक अंशांनी उतरलं. कार्ड तेच, पंखे तेच, खोली तीच. बदलली होती फक्त 'खाली' ही दिशा.

हे कॅबिनेट आम्हाला एका सीनिअरकडून वारशाने मिळालेलं. त्यात मदरबोर्ड नव्वद अंशांत फिरवलेला आहे, म्हणजे एरवी मागे असणारी सगळी पोर्ट्स वरच्या अंगाला येतात. ग्राफिक्स कार्ड खुंटीला शर्ट अडकवावा तसं आपल्या पट्टीवरून खाली लोंबतं. ते असं का आणि त्याला कूलर कुठला लावायचा, हे शोधता शोधता मी १९४४ च्या एका पेटंटपर्यंत जाऊन पोचले. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा प्रवास एकदा बघावा असं वाटलं, म्हणून ही पोस्ट.

आधी एक गोंधळ दूर करू. 'उभं कार्ड' म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. काचेच्या कॅबिनेटमध्ये लवचीक केबल लावून कार्डाचे पंखे काचेकडे वळवतात, तेही उभं कार्ड. पण तिथे कार्डाची लांबी आडवीच राहते, नुसती कूस बदलते. आमच्या कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबीच उभी आहे. पहिल्या प्रकारात प्रश्न मुख्यतः हवेचा असतो, म्हणजे काच आणि पंखा यांच्यात पुरेशी जागा आहे की नाही. दुसऱ्या प्रकारात प्रश्न गुरुत्वाकर्षणाचा होतो. ही पोस्ट दुसऱ्याबद्दल आहे.

आता गंमत बघा. कार्ड उभं असणं हीच मुळात जुनी रीत. १९८१ चा आयबीएम पीसी टेबलावर आडवा पसरलेला डबा होता, मॉनिटर त्याच्या डोक्यावर बसायचा, आणि आतली कार्डं मदरबोर्डवर उभी रोवलेली असायची. पुढे तोच डबा कडेवर उभा करून टॉवर झाला आणि कार्डं आपोआप आडवी झाली. त्यात आणखी एक योगायोग. १९९२ च्या पीसीआय कार्डांवर चिप जुन्या आयएसए कार्डांच्या विरुद्ध बाजूला ठेवल्या गेल्या, म्हणजे शेजारच्या दोन सॉकेटना मागची एकच फट वाटून घेता यावी. त्यामुळे टॉवरमध्ये पीसीआय कार्डाच्या चिप जमिनीकडे तोंड करून बसल्या. एजीपीने तीच बाजू घेतली, पीसीआय एक्सप्रेसनेही घेतली. आज चार-साडेचारशे वॅटचं कार्ड टॉवरमध्ये पालथं झोपतं, ते उष्णतेचा विचार करून कुणी ठरवलेलं नाही. त्या वेळी ही कार्डं तापतच नव्हती. १९९६ चं थ्रीडीएफएक्स व्हूडू कार्ड बघा, चिपवर साधी ॲल्युमिनियमची पट्टीसुद्धा नाही. १९९९ च्या जीफोर्स २५६ वर छोटा पंखा आला. २००३ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रावर दोन स्लॉट व्यापणारा ब्लोअर आला. त्याचा आवाज एवढा बदनाम झाला, की कंपनीने स्वतःच त्याची टर उडवणारा व्हिडिओ काढला. त्या कूलरमध्ये तांब्याची एक बंद नळी होती, हीट पाइप. आपली गोष्ट खरी तिथून सुरू होते. म्हणजे तिथून मागे जाते.

हीट पाइप म्हणजे दोन्ही टोकं बंद केलेली, आतली हवा काढून टाकलेली नळी, आणि तिच्यात अगदी थोडं पाणी. हवा नसल्यामुळे पाणी चाळीस-पन्नास अंशांनाही सहज वाफ होतं. गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि अप्रकट उष्मा सोडते. हे पाणी किती कमी लागतं ते एकदा कागदावर काढून बघा. ६० अंशांना पाण्याचा अप्रकट उष्मा किलोमागे साधारण २,३६० किलोजूल. ३०० वॅट उष्णता हलवायला सेकंदाला जेमतेम ०.१३ ग्रॅम पाण्याची वाफ पुरते. वाफेचं काही अडत नाही. अडतं ते परतीच्या प्रवासाचं. थंड टोकाला झालेलं पाणी पुन्हा गरम टोकाशी आणायचं कुणी?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या पर्किन्स कुटुंबाच्या नळ्यांनी याचं सोपं उत्तर दिलं होतं : गुरुत्वाकर्षणाने. गरम टोक खाली, थंड टोक वर, पाणी आपोआप ओघळतं. बेकरीच्या भट्ट्यांमध्ये या नळ्या खूप वापरल्या गेल्या. अट एकच, नळी उलटी करायची नाही.

ही अट मोडायचा विचार अमेरिकेत जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉग्लरने केला. त्याचा अर्ज डिसेंबर १९४२ चा, पेटंट मिळालं ६ जून १९४४ ला. (त्या दिवशी जगाचं लक्ष नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर होतं, पेटंटच्या यादीकडे कोण बघतंय.) गॉग्लरचा विषय होता शीतकपाट. त्याला उष्णता वरच्या जागी शोषून खालच्या जागी सोडायची होती, आणि खाली जमलेलं पाणी वर चढवायला वेगळी ऊर्जा खर्च करायची नव्हती. उपाय काय, तर नळीच्या आतल्या भिंतीला सच्छिद्र अस्तर. इंग्रजीत त्याला विक म्हणतात, आपण सरळ वात म्हणू, कारण काम तेच आहे. समईत तेल खाली असतं आणि ज्योत वर, तरी तेल वर चढतं ना? तसंच.

मी ते पेटंट वाचलं तेव्हा खुर्चीत ताठ बसले. उष्णता वर, थंडावा खाली, पाण्याने चढायचं. हा तर आमच्या लोंबत्या कार्डाचा प्रश्न! ऐंशी वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला.

पण जनरल मोटर्सने तो मार्ग पुढे नेला नाही आणि पेटंट पडून राहिलं. १९६२ च्या सुमाराला ट्रेफेथनने जनरल इलेक्ट्रिकसाठी अवकाशयानांच्या संदर्भात अशीच कल्पना मांडली. १९६३ मध्ये लॉस ॲलमॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हरने ती स्वतंत्रपणे शोधली, नळी बनवली, चालवली, आणि 'हीट पाइप' हे नावही तिथूनच रूढ झालं. १९६४ मध्ये ग्रोव्हर, कॉटर आणि एरिक्सन यांचा निबंध 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स'मध्ये आला, आणि १९६५ मध्ये कॉटरने तिचं सगळं गणित बसवून दिलं. लिटरेचर रिव्ह्यू करताना पेटंट्सही चाळा, असं मॅडम आम्हाला पहिल्या सेमिस्टरपासून सांगत होत्या. मला ते कर्मकांड वाटायचं.

ग्रोव्हरचं लक्ष्य होतं अवकाशातली अणुभट्टी. १९६७ मध्ये पाण्याची हीट पाइप पृथ्वीच्या कक्षेत जाऊन चालूनही आली. कक्षेत वर नाही, खाली नाही, त्यामुळे वातीवर भार फक्त नळीतल्या घर्षणाचा. म्हणजे हे तंत्र जिथे वयात आलं तिथे गुरुत्वाकर्षणाचा त्रासच नव्हता.

जमिनीवर मात्र काही अभियंत्यांनी दिशेचा फायदा करून घेतला. सत्तरच्या दशकात अलास्कातून तेलाची पाइपलाइन नेताना खांबांखालची कायम गोठलेली जमीन वितळू न देणं गरजेचं होतं. त्यासाठी खांबांमध्ये अमोनिया भरलेल्या सव्वा लाखाच्या आसपास नळ्या उभ्या रोवल्या. हिवाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षा थंड असते, तेव्हा जमिनीतली उष्णता वर येते. उन्हाळ्यात वरचं टोक गरम, द्रव खाली, चक्र आपोआप बंद. झडप नाही, पंप नाही. गुरुत्वाकर्षणाचाच डायोड केलाय. मला ही गोष्ट कुठल्याही ग्राफिक्स कार्डापेक्षा सुंदर वाटते.

आता गणिताकडे. भिऊ नका, बारावीचं आहे. वात पाणी ज्या दाबाने ओढते तो दाब साधारण दोन गुणिले पृष्ठताण भागिले छिद्राची त्रिज्या. ६० अंशांना पाण्याचा पृष्ठताण ०.०६६ न्यूटन प्रति मीटर धरा. तांब्याची भुकटी भाजून केलेल्या वातीत छिद्राची परिणामी त्रिज्या ४० मायक्रॉन धरू. उत्तर येतं ३,३०० पास्कल. हे आपलं भांडवल. आता लोंबणाऱ्या कार्डात चिप पट्टीजवळ, म्हणजे वर. कूलरच्या नळ्या कार्डाच्या शेपटाकडे, म्हणजे खाली. समजा चिपपासून नळीचं खालचं टोक १८ सेंटिमीटर. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १,७३० पास्कल. भांडवलातला निम्म्याहून जास्त भाग नुसतं पाणी उचलण्यात गेला. उरले १,५७०, आणि घर्षणावर मात करून प्रवाह चालू ठेवायचा तो यांच्यावर. वाफेच्या वाटेतला विरोध सोडून दिला, तर नळी जास्तीत जास्त किती उष्णता वाहील हे या उरलेल्या दाबाच्या प्रमाणात ठरतं.

आता तेच कार्ड उलटं करा, पट्टी खाली आणि शेपूट वर. पाणी चिपकडे उतरतंय, म्हणजे ३,३०० मध्ये १,७३० मिळवा : ५,०३०. आडवं ठेवलं तर ३,३००. म्हणजे एकच नळी, एकच पाणी, आणि दोन 'उभ्या' अवस्थांमध्ये तिपटीहून जास्त फरक. 'हा कूलर उभ्या कॅबिनेटमध्ये चालतो का?' हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. पट्टी कुठल्या दिशेला, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आणि वात कसली आहे तेही विचारा. काही स्वस्त नळ्यांमध्ये भुकटीऐवजी आतल्या भिंतीला नुसत्या बारीक खाचा असतात. खाच ०.३ मिलिमीटर रुंद असेल तर वरच्याच पद्धतीने दाब येतो ४४० पास्कल. एवढ्यात पाणी साडेचार सेंटिमीटर चढेल. आडव्या कार्डात अशा खाचा उत्तम चालतात, पाण्याला वाट मोकळी मिळते. लोंबत्या कार्डात खालच्या टोकाचं पाणी खालीच बसून राहतं. कूलरच्या डब्यावर नळ्यांची संख्या आणि जाडी मोठ्या अक्षरांत असते. वातीचा प्रकार क्वचितच.

मग असं कॅबिनेट मुळात कुणी आणि का काढलं? २००८ च्या सुमारास तैवानच्या सिल्व्हरस्टोनने रेव्हन आरव्ही०१ आणलं, मदरबोर्ड नव्वद अंश फिरवून. पाठोपाठ फोर्ट्रेस एफटी०२ आलं. त्यात तळाला १८० मिलिमीटरचे तीन पंखे, हवा खालून वर सरळ. समर्थन असं की गरम हवा वर जाते, तर तिला तिच्याच वाटेने जाऊ द्यावं. ऐकायला पटतं. पण आकडा काढा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी गरम आणि कॅबिनेट अर्धा मीटर उंच धरलं, तर त्या 'वर जाण्याचा' दाब साधारण ०.३६ पास्कल येतो. १२० मिलिमीटरचा सामान्य पंखा दहा-वीस पास्कल देतो. म्हणजे गरम हवेच्या नैसर्गिक चढण्याचा वाटा पंख्यापुढे नगण्य. ही कॅबिनेटं चांगली थंड राहतात हे खरंच आहे, माझा त्यांच्यावर राग नाही, पण त्याचं श्रेय मोठ्या पंख्यांना आणि विनाअडथळा सरळ वाटेला आहे. मात्र ती सरळ वाट करताना नळीतल्या पाण्याची वाट चढणीची झाली. हवेसाठी जो बदल केला, त्याची किंमत पाण्याने मोजली. तेव्हाच्या छोट्या कूलरमध्ये नळ्या आखूड होत्या, काम भागलं. पुढे कार्डं फूटभर लांब झाली आणि नळ्याही.

दिशेचा प्रश्न सगळ्या जगासमोर आला तो डिसेंबर २०२२ मध्ये, आणि तोही साध्या आडव्या कार्डात. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स बाजारात आलं आणि काही ग्राहकांच्या मूळ डिझाइनच्या कार्डांचा हॉटस्पॉट ११० अंशांना टेकायला लागला. त्याच्या कूलरमध्ये व्हेपर चेंबर होतं, म्हणजे नळीऐवजी चपटी पेटी, तत्त्व तेच. जर्मन ओव्हरक्लॉकर रोमन हार्टुंग (डेअर बाउअर या नावाने प्रसिद्ध) याने अशी बिघडलेली कार्डं मिळवली आणि एक साधा प्रयोग केला. कार्ड एका स्थितीत चालवायचं, चालू असतानाच फिरवायचं, तापमान बघत राहायचं. आडवं केलं की तापमान चढलं. पुन्हा उभं केलं तर लगेच उतरायला हवं होतं, ते उतरलं नाही. म्हणजे सध्याची दिशा पुरेशी नाही, आधी कुठल्या दिशेत होतं हेही महत्त्वाचं. चेंबर एकदा कोरडं पडलं की गरम असेपर्यंत पाणी परत पोचत नसावं, असा अर्थ मला लागतो. जानेवारी २०२३ मध्ये एएमडीने मान्य केलं की काही चेंबरमध्ये पाणीच कमी भरलं गेलं होतं, आणि अशी कार्डं बदलून दिली.

तुम्ही प्रयोगाची आखणी शिकत असाल तर तो परतीचा अर्धा भाग लक्षात ठेवा. बहुतेक जण आडवं एकदा, उभं एकदा, अशी दोन मोजमापं घेऊन थांबले असते. मीसुद्धा थांबले होते.

ते वाचून मी आमचं कार्ड तिन्ही स्थितींत चालवलं : पट्टी वर, आडवं, पट्टी खाली. (पट्टी खाली म्हणजे अख्खं कॅबिनेट उलटं, दोन जाड पुस्तकांवर. ज्युनिअरने फोटो काढून ग्रुपवर टाकला.) प्रत्येक वेळी अर्धा तास, मध्ये पूर्ण थंड होऊ देऊन, मग उलट्या क्रमाने पुन्हा. पट्टी वर सगळ्यात वाईट, पट्टी खाली सगळ्यात बरं. आडवं आणि पट्टी खाली यांच्यातला फरक मात्र अगदी थोडा निघाला. तेही बरोबरच आहे. वात पाण्याला पुरेशी असली की जास्तीच्या दाबाचा उपयोग नाही, मग मर्यादा पंख्याची आणि पात्यांची असते. तिप्पट दाब म्हणजे तिप्पट थंडावा नव्हे.

मग कूलर कुठला? आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, बाजारातला मोठा हवेचा कूलर. अर्क्टिकचे ॲक्सेलेरो, रायजिनटेकचा बारा नळ्यांचा मॉर्फियस, ही त्या जातीतली नावाजलेली नावं. घ्यायचाच तर फोटोत नळ्या मोजण्याआधी त्या कुठे जातात ते बघा. लोंबत्या कार्डात सगळ्या नळ्या शेपटाकडे पळत असतील तर नको. काही वर, काही खाली जात असतील तर बरं. कार्डाच्या रुंदीच्या दिशेने जात असतील तर उत्तम, कारण लोंबत्या कार्डाची रुंदी आडवीच असते.

दुसरी वाट, पंपाचा लिक्विड कूलर. त्याला दिशेचं फारसं वावडं नाही, कारण पाणी पंप ढकलतो. पथ्य एकच : रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा, नाहीतर आतला हवेचा बुडबुडा पंपात जाऊन बसतो. आमच्या कॅबिनेटच्या माथ्यावर १२० मिलिमीटरची जागा होती, बसलाही असता. पण दोन्ही वाटांसाठी कार्ड उघडावं लागतं, वॉरंटी चालू होती, आणि खरेदी विभागाला 'गुरुत्वाकर्षणामुळे' असं कारण लिहून द्यायची सरांची तयारी नव्हती.

तिसरी वाट म्हणजे ब्लोअर, त्याच बदनाम एफएक्स ५८०० च्या वंशातला. एकच पंखा, आणि हवा पट्टीतून बाहेर. चांगल्या ब्लोअरमध्ये पाती चिपला चिकटूनच असतात, उष्णतेला काही सेंटिमीटरच जायचं असतं, त्यामुळे पाण्याची चढण छोटी. आणि लोंबत्या कार्डात त्याची गरम हवा थेट माथ्यातून बाहेर पडते. शेजारच्या टेबलावरच्या साध्या कॅबिनेटमध्ये नेमकं असंच एक जुनं ब्लोअर कार्ड होतं. ते इकडे आणलं, नवं तिकडे नेलं. खर्च शून्य रुपये, वेळ पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं हरवलेला स्क्रू शोधण्यात.

जुन्या कार्डाचा वेग कमी आहे, पण पहिल्या मिनिटाला जेवढा असतो तेवढाच पहाटे चारलाही असतो. माझी छोटी सिम्युलेशन्स आता त्यावर चालतात. आवाज मात्र हेअर ड्रायरसारखा. सरांनी ते टेबल खिडकीपाशी हलवायला लावलंय.